ऑल आयर्लंड फुटबॉल २०२५: सेमी, प्रवास आणि सॅम कोणाकडे?

ट्रलीकर
३० जून २०२५, सकाळी ७:५०

गेलिक फुटबॉलच्या (सॉकर नव्हे) ऑल आयर्लंड स्पर्धेच्या, म्हणजे काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) टीमच्या, क्वार्टर फायनलचा धुरळा बसायच्या आत धागा काढतोय. हर्लिंगचा (काठी-चेंडूच्या खेळाचा) धागा वेगळा आहे, तिकडची भांडणं तिकडेच ठेवा.

शनिवार-रविवारचे निकाल: टिरोन ०-२३, डब्लिन ०-१६. डॉनेगल १-२६, मॉनहन १-२०. मीथ २-१६, गॉलवे २-१५. केरी ०-३२, आर्मा १-२१. नवीन लोकांसाठी: रेघेच्या आधी गोल, नंतर पॉइंट, आणि एका गोलाचे तीन पॉइंट धरायचे. म्हणजे मीथ २२, गॉलवे २१.

पुढचे दोन्ही सामने डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर. शनिवार १२ जुलै केरी-टिरोन, रविवार १३ जुलै मीथ-डॉनेगल. फायनल रविवार २७ जुलै, दुपारी साडेतीन.

काल आर्माची दया आली. मागच्या वर्षीचे चँपियन, आणि उत्तरार्धात पंधराएक मिनिटं त्यांना स्वतःची किकआउट (गोलीने खेळ पुन्हा सुरू करायला मारलेली किक) हाताला लागेना. तेवढ्यात केरीने ओळीने चौदा पॉइंट लावले. दोन आठवड्यांपूर्वी टलामोरला मीथकडून मार खाऊन आलेली टीम हीच का, असं इथे वॉर्डातले पेशंटसुद्धा विचारतायत.

माझं भाकीत: सॅम मॅग्वायर (विजेत्यांचा करंडक, आपला सॅम) यंदा केरीत. तुमचं लिहा. कसे जाणार, तिकीट मिळालं का, तेही लिहा.

हिल_सोळा
३० जून, सकाळी ९:१५

डब्लिन गेलं, आता कोणी का जिंकेना. २०१५ ते २०२० ओळीने सहा सॅम बघितलेल्या माणसाने आता टिरोनकडून सात पॉइंटने हरताना बघायचं. लेन्स्टर (आमच्या प्रांताचं विजेतेपद) पण गेलं, सॅम पण गेला. १४ वर्षं लेन्स्टर आमच्या घरचं होतं हो.

नॅव्हनची_माई
३० जून, सकाळी ९:२२

ते तुमच्या घरचं लेन्स्टर आम्ही मीथवाल्यांनीच पोर्टलीशला मोडलं, तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

हिल_सोळा
३० जून, सकाळी ९:२४

आणि मग फायनलला लाउथकडून हरलात. लाउथला १९५७ नंतर पहिल्यांदा लेन्स्टर मिळवून दिलंत, पुण्य लागलं तुम्हाला.

नॅव्हनची_माई
३० जून, सकाळी ९:४०

लाउथला मिळालं याचं मला वाईट नाही वाटलं. २०१० च्या लाउथविरुद्धच्या फायनलला मीथचा जो शेवटचा गोल धरला गेला तो गोलच नव्हता, हे आमच्या गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा मान्य करतात, फक्त दार लावून. ती उधारी फिटली.

यंदा आमच्या पोरांनी डब्लिन, केरी, गॉलवे असे तिघे लोळवलेत. २००९ नंतर सेमीचं तोंड बघितलं नव्हतं. माझा मुलगा इथल्या क्लबात चौदा वर्षांखालच्या टीमला आहे. त्यांच्या सरावाला काउंटीचा एक खेळाडू येऊन गेला, तेव्हापासून पोरगा घरात सोलो (पळता पळता चेंडू पायाने हातात उडवणं) करत फिरतोय. दोन कुंड्या गेल्या. भाकीत: मीथ. डोकं नाही म्हणत, मन म्हणतंय.

पुण्यातून_बघतोय
३० जून, सकाळी १०:०५

इतकी वर्षं नुसतं वाचतोय, आज विचारूनच टाकतो. या खेळाडूंना पैसे किती मिळतात? आणि डब्लिनकडे एवढा पैसा आहे तर ते त्या केरीच्या क्लिफर्डला विकत का घेत नाहीत?

ट्रलीकर
३० जून, दुपारी १:३०

शून्य. पगार नाही, लिलाव नाही, विकत घेणं तर नाहीच. ज्या गावच्या क्लबात वाढलास, त्या काउंटीकडून खेळायचं. डेव्हिड क्लिफर्ड शाळेत मास्तर आहे. किलार्नीजवळच्या फॉसा या छोट्या गावच्या क्लबाकडून खेळतो, भाऊ पॉडीही तिथलाच. ८२,००० लोकांसमोर खेळायचं आणि शाळा सुरू असेल तर सोमवारी वर्गावर. नोकरीसाठी दुसरीकडे गेलेला माणूस क्लब बदलून घेऊ शकतो, पण तेही इथे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो.

जीएए (हे खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन) १८८४ ला थर्ल्सच्या एका हॉटेलात स्थापन झाली, तेव्हापासून सगळं हौशीच आहे. तिकिटाचा पैसा काउंट्या, क्लब आणि मैदानं यांत जातो.

कॉर्कचा_कोल्हापुरी
३० जून, दुपारी १:४४

म्हणजे आमच्याकडं तालमीचा पैलवान तालमीसाठी लढतो तसं. बाकी मी हर्लिंगवाला माणूस, इकडं नुसता डोकावतोय. २० तारखेला आमची हर्लिंग फायनल आहे, त्यानंतर बोलू.

मेयोग्रस्त
३० जून, रात्री ८:२०

धाग्यावर मेयोचं नावसुद्धा नाही, बरोबर आहे, असायचं कारण पण नाही. कासलबारला घरच्या मैदानावर कॅव्हनकडून हरलो. मग रॉसकॉमनच्या मैदानावर डॉनेगलने आम्हाला अगदी शेवटच्या क्षणी पॉइंट मारून घरी पाठवलं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. हे गट कशासाठी? सोळा टीम, चार गट, गटात सहा सामने, म्हणजे एकूण चोवीस. आणि चोवीस सामने खेळून बाहेर किती जातात? चार! प्रत्येक गटात तीन जण पुढे. जूनभर लोकांनी पेट्रोल जाळायचं ते चौघांना घरी धाडायला. त्या चौघांत आम्ही होतो, हे मान्य आहे, तरी मुद्दा खोटा ठरत नाही.

हिल_सोळा
३० जून, रात्री ८:३१

+१. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मेयोवाल्याला लिहितोय.

अनघा_लेटरकेनी
३० जून, रात्री ९:५५

गटांची पद्धत यंदा शेवटची. जीएएच्या फेब्रुवारीच्या काँग्रेसमध्ये (सभेत) ठरलंय. २०२६ पासून पहिल्या फेरीत सोळा टीमचे आठ सामने. जिंकलेले एकीकडे, हरलेले एकीकडे. जिंकलेल्यांतले पुन्हा जिंकले की थेट क्वार्टर फायनल. हरलेल्यांत पुन्हा हरलं की घरी. मधल्यांना आणखी एक फेरी. थोडक्यात, दोनदा हरलात की खेळ खलास, निदान क्वार्टर फायनलपर्यंत तरी. प्रत्येक सामन्याला काहीतरी पणाला लागेल.

रॉसकॉमनच्या त्या मॅचवरून आमचे मॅनेजर जिम मॅगिनेस यांनी किती आवाज केला ते तुम्ही ऐकलंच असेल. तटस्थ मैदान म्हणे. डॉनेगलच्या टोकावरून रॉसकॉमनला जाऊन बघा एकदा. टीम दमते ते दमतेच, माणसं पण दमतात. त्यात आम्हाला रेल्वे नाही. अख्ख्या काउंटीत एक रूळ नाही. मग लोक म्हणतात डॉनेगलवाले फार कुरकुर करतात.

भाकीत: डॉनेगल. मायकल मर्फी पस्तिशीत निवृत्तीतून परत आलाय तो काही सेमी खेळायला नाही.

इतिहासवेडा
१ जुलै, सकाळी ११:१०

तिकिटाच्या रांगेतल्या लोकांना वाचायला थोडं. क्रोक पार्कच्या ज्या हिल सोळावर (प्रेक्षकांनी उभं राहून बघायच्या चढावर) आपले हिल_सोळा उभे राहतात, ती १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यावर उभी आहे, असं तुम्हाला प्रत्येक आयरिश माणूस सांगेल. ते खरं नाही. तो भराव उठावाच्या आधीचा. त्याचं जुनं नाव हिल साठ, गॅलिपोलीच्या लढाईतल्या एका टेकडीवरून. नाव नंतर बदललं आणि गोष्ट मागून चिकटली.

खरी गोष्ट बाजूच्या हॉगन स्टँडची. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिन-टिपरेरी सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी मैदानात घुसून गोळीबार केला. चौदा माणसं गेली. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल हॉगन होता. जालियनवाला बागेला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि त्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकल ओड्वायर हाही टिपरेरीचाच. पहिल्यांदा त्या स्टँडखाली उभा राहिलो तेव्हा शेजारच्या आजोबांना हे सांगितलं. त्यांना ओड्वायर माहीत होता आणि उधमसिंगही.

ट्रलीकर
१ जुलै, दुपारी २:००

वाचनखूण साठवली.

अनघा_लेटरकेनी
३ जुलै, सकाळी ७:३०

आता प्रवास. आमच्या ऑफिसात नवीन आलेली दोन मराठी मुलं सेमीला निघालीयेत, त्यांच्यासाठी आणि इतरांसाठीही लिहिते, कारण हे कोणी आधी सांगत नाही.

लेटरकेनीहून डब्लिनला जायचा सगळ्यांचा रस्ता ओमावरून. बससुद्धा तिकडूनच. आणि ओमा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युके. आयरिश पासपोर्टवाल्याला फरक पडत नाही. आपल्याकडे भारतीय पासपोर्ट आणि आयरिश रेसिडेन्स कार्ड असेल तर तिकडे पाय ठेवायला युकेचा वेगळा व्हिसा लागतो. रस्त्यावर चौकी नाही, पाटीवरचे किलोमीटर अचानक मैल होतात तेवढंच कळतं. म्हणून पोरं बिनधास्त बसतात. पण बसमध्ये इमिग्रेशनवाले चढून कागद बघतात, आणि रंग बघून आधी आपल्याकडेच येतात, हे स्पष्टच लिहिते.

व्हिसा नसेल तर एकच सरळ मार्ग: डॉनेगल टाउन, बॅलीशॅनन, बंडोरन, स्लायगो आणि मग एन-४ ने डब्लिन. ऐंशीएक किलोमीटरचा वळसा पडतो. बंडोरनजवळ आपली काउंटी उरलेल्या रिपब्लिकला जेमतेम चिकटलेली आहे, त्या चिंचोळ्या पट्टीतून जायचं. गाडी नसेल तर स्लायगोपर्यंत ६४ नंबरची बस, तिथून रेल्वे. ती कॉनली स्टेशनला सोडते, तिथून क्रोक पार्क पायी वीसेक मिनिटं.

नॅव्हनची_माई
३ जुलै, सकाळी ८:१२

अनघा, हे फार उपयोगी. अल्स्टर (तुमच्या प्रांताच्या) फायनलला क्लोनसला जातानाही हीच गंमत. क्लोनस मॉनहनमध्ये, म्हणजे रिपब्लिकमध्येच, पण कॅव्हनहून जाणारा रस्ता सीमा इतक्या वेळा ओलांडतो की आपण कुठल्या देशात आहोत ते फोनलाही कळत नाही. सारखे वेलकमचे मेसेज येत राहतात.

अनघा_लेटरकेनी
३ जुलै, सकाळी ८:२०

म्हणूनच मेमध्ये आम्ही आर्माला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवलं ते मी घरी टीव्हीवर बघितलं. व्हिसाला अर्ज केलाय आता.

हिल_सोळा
४ जुलै, संध्याकाळी ६:४०

मैदानापासून पाच मिनिटांवर राहणाऱ्याकडून सूचना. गाडी ड्रमकोंड्रात आणू नका. जोन्स रोड, क्लॉनलिफ रोड आणि मागच्या गल्ल्या सगळ्या परमिटच्या. चाकाला क्लॅम्प लागला की सामना संपल्यावर तुम्ही त्या गाडीशेजारी उभे आणि मी खिडकीत. दक्षिणेकडून येणाऱ्यांनी रेड काउला गाडी लावावी आणि लुआसने (ट्रामने) ॲबी स्ट्रीटला उतरून चालत यावं.

पिशवी ए-फोर कागदाएवढी, त्याहून मोठी आत सोडत नाहीत. डबा बाहेरच खायचा असतो. सामन्याच्या आधी गाड्यांच्या डिक्क्या उघडून सहकुटुंब सँडविच आणि थर्मासचा चहा चालू असतो. मागे एका केरीच्या आजीबाईंनी माझ्या निळ्या जर्सीकडे बघून आधी नाक मुरडलं, मग अंड्याचं सँडविच पुढे केलं, आणि मी खात असताना २०११ पासूनचे डब्लिनचे सगळे पेनल्टीचे निर्णय कसे चुकीचे होते ते सांगितलं. चहा दुसऱ्यांदा ओतला तरी २०१३ वरच होत्या.

हो, आणि स्टँडमध्ये दोन्ही बाजूंचे लोक शेजारी शेजारी बसतात. वेगळे गट, मध्ये पोलिसांची भिंत, असलं इथे काही नसतं. लहान मुलांना घेऊन या.

पुण्यातून_बघतोय
४ जुलै, संध्याकाळी ६:५५

मग कोणाचा झेंडा कोणाचा ते कळतं कसं?

ट्रलीकर
४ जुलै, संध्याकाळी ७:०३

यंदा नाहीच कळणार. केरी हिरवा-सोनेरी, मीथ हिरवा-सोनेरी, डॉनेगल हिरवा-सोनेरी. चारातला एकटा टिरोन पांढरा-लाल. टोप्या विकणाऱ्यांची चंगळ आहे, उरलेला माल पुढच्या सामन्याला दुसऱ्या काउंटीला खपवता येतो.

तिकिटाबद्दल: सेमीची ऑनलाइन उघड विक्री आहे, मिळतील. फायनलची मात्र क्लब आणि काउंटी बोर्डांतूनच येतात. क्लबाचे सभासद असाल, मुलांच्या सरावाला गोलपोस्ट उचलले असतील, चहाच्या खिडकीत उभे राहिला असाल, तर सोडतीत नाव पडतं. नुसतं पैसे घेऊन जाल तर हसून परत पाठवतात.

माझी अडचण तिकीट नाही, रजा आहे. २७ तारखेच्या रविवारी अख्ख्या वॉर्डाला सुट्टी हवीये. सिस्टरने फळ्यावर चिठ्ठी लावलीये: केरी फायनलला गेलं तरच अर्ज बघणार.

मेयोग्रस्त
८ जुलै, रात्री १०:१५

आणि हे सगळं जुलैत उरकायची घाई कशाला? पूर्वी फायनल सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी असायची. शाळा सुरू झालेल्या, पोरांच्या वह्यांवर काउंटीचे रंग. आता जुलैत सॅम देऊन मोकळे. ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर ओएसिस बँडचा कार्यक्रम, सप्टेंबरच्या शेवटी अमेरिकन फुटबॉल, स्टीलर्स विरुद्ध वायकिंग्ज. घर आपलं आणि सणाला पाहुणे भाड्याने.

नॅव्हनची_माई
९ जुलै, सकाळी ७:४५

मेयोग्रस्त, तुम्हाला क्लबात मूल नाही म्हणून असं वाटतं. आधी काउंटीचा हंगाम सप्टेंबरपर्यंत चालायचा आणि क्लबची पोरं अख्खा उन्हाळा नुसती वाट बघत बसायची. सामना कधी, कोणालाच माहीत नाही. गावी जायचं तिकीट काढावं की नको? दोन हंगाम वेगळे केल्यापासून ऑगस्टपासून क्लबचं वेळापत्रक हातात असतं. काउंटीचे तीस-पस्तीस खेळाडू असतात, क्लबात खेळणारे हजारो. ओएसिसच्या पैशातून आमच्या मैदानाला दिवे लागणार असतील तर खुशाल गाऊ देत.

मेयोग्रस्त
९ जुलै, सकाळी ८:०२

दिवे लागले की कळवा.

हिल_सोळा
१० जुलै, रात्री ९:००

यंदाच्या नव्या नियमांवर कोणी बोललंच नाही. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलं की दोन पॉइंट, हे फुटबॉल आहे की बास्केटबॉल?

अनघा_लेटरकेनी
१० जुलै, रात्री ९:२०

दादा, २०११ ची सेमी आठवा. डब्लिन ०-८, डॉनेगल ०-६. आमच्या मॅगिनेस यांनी चौदा माणसं मागे उभी केली होती आणि तुम्हीच तेव्हा खेळ मेला म्हणून ओरडत होतात. आता तीन खेळाडू समोरच्या अर्ध्यात ठेवावेच लागतात, म्हणून ती भिंत मोडली. आणि हे नियम ज्या समितीने आणले तिचे अध्यक्ष तुमचेच जिम गॅव्हिन, ज्यांच्या डब्लिनला २०१४ च्या सेमीत याच मॅगिनेस यांनी तीन गोल घालून हरवलं होतं. भिंत घालणाऱ्याने घातली, पाडणाऱ्याने पाडली, आणि यंदा दोघांचीही चांदी.

हिल_सोळा
१० जुलै, रात्री ९:२६

माझी कुठे चांदी?

ट्रलीकर
११ जुलै, रात्री ११:३०

उद्याची धास्ती आहे. केरीवाल्याला टिरोन म्हटलं की पोटात गोळा येतो. २००३ ची सेमी, २००५ आणि २००८ च्या फायनल, २०२१ ची सेमी एक्स्ट्रा टाइममध्ये. २०१९ आणि २०२३ ला आम्ही जिंकलो, पण ते इथे कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यात समोर टिरोनच्या जुन्या स्टार पीटर कॅनव्हनचा मुलगा डॅरा. नावच पुरे आहे.

ट्रलीकर
१२ जुलै, रात्री ८:१५

केरी १-२०, टिरोन ०-१७. उन्हाने भाजून निघालोय, आयर्लंडात तिशीच्या वर पारा, लोकांनी कार्यक्रमपत्रिकेच्या टोप्या करून घातल्या होत्या. रजेचा अर्ज केला.

नॅव्हनची_माई
१३ जुलै, संध्याकाळी ६:३०

डॉनेगल ३-२६, मीथ ०-१५. वीस पॉइंट. काही लिहावंसं वाटत नाही. पोरगा बसमध्ये झोपलाय, तोंडावरचा हिरवा रंग सगळा माझ्या बाहीला. अनघा, अभिनंदन. आता जिंकून या.

अनघा_लेटरकेनी
१३ जुलै, रात्री ८:५०

माई, मीथची पोरं पुढच्या वर्षी पुन्हा दिसतील. आम्हाला फायनलला केरी, म्हणजे २०१४ चं उट्टं. तेव्हा आमच्या गोलीची किकआउट थेट केरीच्या किअरन डॉनहीच्या हातात गेली आणि गोल. अकरा वर्षं झाली, इथल्या दुकानात अजून विषय काढत नाहीत.

कॉर्कचा_कोल्हापुरी
२१ जुलै, सकाळी ६:१०

हर्लिंग फायनल. हाफटाइमला आम्ही सहानं पुढं. उत्तरार्धात अख्ख्या कॉर्कनं मिळून दोन पॉइंट काढले. दोन! टिपरेरी ३-२७, कॉर्क १-१८. तिकडच्या धाग्यावर जायची हिंमत नाही, म्हणून इथं लिहितोय. लई वाईट राव.

मेयोग्रस्त
२१ जुलै, सकाळी ६:४०

या, बसा. आम्ही १९८९ पासून अकरा फायनल हरलोय. १९५१ नंतर सॅम नाही. २०१६ आणि २०१७ ला एकेका पॉइंटने. पाणी देऊ का?

पुण्यातून_बघतोय
२७ जुलै, दुपारी ३:२५

इथे आठला पाच कमी आहेत, लॅपटॉप लावलाय, आई विचारतेय हे रग्बी आहे का. चालू करा.

ट्रलीकर
२७ जुलै, संध्याकाळी ७:१०

केरी १-२६, डॉनेगल ०-१९. एकोणचाळिसावं! हाफटाइमचा भोंगा वाजता वाजता क्लिफर्डने कमानीबाहेरून टाकलेला तो दोनचा फटका, सात पॉइंटची आघाडी, तिथेच अर्ध्या डॉनेगलचे खांदे पडले. त्याचे एकट्याचे ९. पॉडी तर सगळीकडे दिसत होता. शेवटी जो ओकॉनरचा गोल. गॅव्हिन व्हाइटने सॅम उचलला तेव्हा माझ्या शेजारी डॉनेगलचं एक जोडपं होतं, त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मग मला ह्यूस्टन स्टेशनकडे जायचा जवळचा रस्ता पण दाखवला. उद्या सकाळी सातची ड्युटी आहे. वॉर्डात कोणाचाच आवाज शिल्लक नसणार.

अनघा_लेटरकेनी
२८ जुलै, दुपारी १२:४०

अभिनंदन ट्रलीकर. पहिल्या मिनिटापासून मागे होतो, कधी जवळ आलोय असं वाटलंच नाही. मधल्या फळीत चेंडूच मिळेना. मर्फीने जेवढं ओढायचं तेवढं ओढलं. स्लायगोमार्गे घरी पोचलो तेव्हा उजाडायला आलं होतं, बंडोरनला चिप्सच्या दुकानाबाहेर निम्मी काउंटी रांगेत.

हिल_सोळा
२८ जुलै, दुपारी १२:५५

पुढच्या वर्षी गट नाहीत, दोनदा हरलं की बाहेर. मेयोवाल्यांना सोपं पडेल.

मेयोग्रस्त
२८ जुलै, दुपारी १:०२

पुढच्या वर्षीचा धागा मी काढणार. भाकीत आत्ताच लिहून ठेवतो: मेयो.

हिल_सोळा
२८ जुलै, दुपारी १:०३

स्क्रीनशॉट घेतलाय.